ठाण्याचा शिक्का आणि आयकराची नोटीस

नोटीस मोबाइलवर आली आणि माझं पोट टम्म फुगलं. राग आला की मला गॅस होतो, नोकरीपासूनची खोड आहे. बायकोने ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवलं, मग बेंबीभोवती हिंग चोळायला बसली. मी ओरडलो, हिंग त्या नोटिशीला चोळ. बेहिशेबी रोख म्हणे! बत्तीस वर्षं इंदूरच्या ठाण्यांमध्ये हाडं झिजवली, टीआय, म्हणजे ठाण्याचा इन्स्पेक्टर, होऊन रिटायर झालो, ठेल्यावर कधी फुकटचे पोहे खाल्ले नाहीत. आणि मला विचारतात, पैसा आणला कुठून.

सांगतो ना कुठून. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी माझ्या ठाण्यातला एक शिपाई बंदोबस्तावर उभ्या उभ्या गेला. त्याचा सरकारी पैसा फायलींमध्ये अडकला. आम्ही स्टाफने चंदा जमवला आणि पाकीट घेऊन मी मल्हारगंजात त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने ते तसंच परत केलं. भीक नको, हक्काचं असेल ते द्या, म्हणाली. मग मी पोलिसी डोकं चालवलं. रोकड माझ्या खात्यात भरली, तिथून तिच्या खात्यात टाकली आणि ठाण्यातल्या मुंशीकडून, म्हणजे लिखापढी करणाऱ्या हवालदाराकडून, एक कागद टाइप करून घेतला, मृत कर्मचाऱ्याचा थकलेला भत्ता म्हणून. खाली माझी सही, ठाण्याचा गोल शिक्का. आमची सवयच ती, कागद केला की गोष्ट खरी झाली. तिने तो कपाळाला लावला आणि पैसे ठेवून घेतले.

पलासियातला सीए माझ्या मुलीच्या वयाचा, मला अंकल म्हणतो. त्याने शांतपणे समजावलं. चंदा म्हणून उत्तर दिलं तर खात्री करायला त्या बाईंना आयकराचं पत्र जाणार आणि बाई तो शिक्क्याचा कागद दाखवणार. मग टॅक्स राहिला बाजूला, खोटा सरकारी कागद केल्याचं लफडं. त्या बाईंनीच लिहून दिलं की तो चंदा होता, मन राखायला कागद केला, तर निदान तुमची नियत साफ दिसेल. नाहीतर पैसा तुमचाच म्हणून सरळ कबूल करा, टॅक्स आणि दंड भरा, किस्सा खतम. वर फुकटचा सल्ला, गरम पाण्यात पोह्यांवरचा जिरावन मसाला टाकून घेत जा, अंकल. असा संताप आला की त्याच्या टेबलावरच्या फायली खाली ढकलाव्यात. मी कबूल करू? मी?

तिने फक्त सही करायची असा तिचा जबाब घरीच लिहून काढला, खिशात घातला आणि मल्हारगंज गाठलं. ती आता घरीच ब्लाउज शिवते. भिंतीवर नवऱ्याचा फोटो आणि त्याच्या शेजारी, काचेच्या फ्रेममध्ये, माझा तो कागद.

माझा हात पोटावर बघून तिने न विचारता ओव्याचं पाणी आणलं. मग बोलायला लागली. सासरचे किती टोमणे मारतात, लोकांच्या जिवावर जगते म्हणतात, सगळं सांगितलं. "पण साहेब, मी त्यांना हा कागद दाखवते," ती म्हणाली. "ह्यांच्या कमाईचं आहे. कुणाचा एक रुपया घेतला नाही मी."

मी पाणी प्यालो. सिलाईचं काम बरं चाललंय ना, एवढं विचारलं आणि उठलो. रस्त्यात स्कूटर थांबवून जबाबाचे तुकडे केले आणि सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, आयकरवाल्यांना, त्या सीएला, मेलेल्या शिपायाला, तिच्या ताठ मानेला. सगळ्यात जास्त स्वतःला.

दुसऱ्या दिवशी सीएने स्क्रीन माझ्याकडे वळवली. रक्कम माझंच न दाखवलेलं उत्पन्न आहे, मला मान्य आहे, असं लिहिलं होतं. मी म्हणालो, दाब बटण. त्याने दाबलं.

बत्तीस वर्षांत मी शेकडो लोकांकडून कबुल्या लिहून घेतल्या. माणूस गप्प बसून सही करतोय म्हणजे गुन्हा त्यानेच केलाय, हे मला प्रत्येक वेळी पक्कं ठाऊक असायचं.