खुशबूच्या हनुवटीवरचा डाग

आमची खुशबू स्पॅनिश शिकली ती आमच्या मोहाडी गावातल्या लोकांच्या तोंडांकडे बघून.

बी.एस्सी. झाल्यावर तिला नागपूरच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. कंपनी चेहऱ्याला लावायची मलमं विकते, गिऱ्हाइकं मेक्सिकोतली. त्यांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि त्यांच्याच भाषेत उत्तरं द्यायची. भाषेचा वर्ग तिने मोबाइलवर केला होता, पण तोंडी परीक्षेत मुरूम, तीळ, वांग यांचे शब्दच आठवेनात. नापास झाली. आणखी एकच संधी मिळणार होती. जेवण सुटलं पोरीचं, आणि तिच्या आधी माझं.

मग तिने एकेक शब्द एकेका माणसाला चिकटवून टाकला. स्वतःच्या कपाळावरचा मुरूम म्हणजे ‘ग्रानो’. माझ्या गालांवरचे वांगाचे डाग ‘मांचास’. शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या नाकावर चामखीळ आहे. त्या ताक घेऊन आल्या, तर ही दारातच आनंदाने ओरडली, “वेरुगा!”

“मले शिव्या देऊन राहिली का व पोरी?”

“नाही हो काकू, तुमच्या चामखिळीचं नाव हाय थे.”

“असं का? आता माह्या चामखिळीले परदेशी नाव पडलं म्हणा!” आणि बाई ते नाव घेऊन आठवडी बाजारभर मिरवून आल्या.

अडलं ते ‘पेका’पाशी. गोऱ्या माणसांच्या गालावर बारीक तपकिरी ठिपके असतात, ते. अख्ख्या मोहाडीत तसं तोंड मिळेना. शेवटी बाजारातल्या पिकल्या केळ्यांवर तिला पेका दिसल्या. डझनभर घेऊन आली, आणि ती संपेपर्यंत आम्ही सगळे शिकरण खात होतो.

परीक्षा घरूनच, व्हिडिओवर होती. तांदळाच्या ड्रमवर लॅपटॉप ठेवला. दहावीपासून प्रत्येक परीक्षेला मी तिला काजळाची तीट लावते. आमचे हे, म्हणजे संघपाल, शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना हे मुळीच चालत नाही. “बी.ए. करून बी तीट सुटली नाही तुही! इकडे बुद्धवंदना घेते अन् तिकडे दृष्ट काढते!” म्हणून मी गुपचूप कानामागे लावते. पण त्या दिवशी तिच्या कानांवर हेडफोन चढलेला होता. परीक्षा घेणारी बाई पडद्यावर यायच्या आत मी हनुवटीवर बोट टेकवलं. ती शब्द घोकत होती. तिला वाटलं, आईने घाम पुसला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. भाषा मला कळत नाही. काय बोलणं झालं ते खुशबूने नंतर सांगितलं. बाईंनी विचारलं, “समजा, मी दुकानदार आणि तू गिऱ्हाईक. तुझ्या हनुवटीवर हे काय आहे? तीळ?”

खुशबूने पडद्यात स्वतःला बघितलं आणि दचकून बोट लावलं. ठिपका पसरला.

“अरे, हा तर वाढतोय! खाज सुटते? कधीपासून आहे?”

तेवढ्यात पोरगी खुदकन हसली आणि जी बोलत सुटली, ती थांबेचना. हा तीळ नाही, मुरूम नाही, वांग नाही. हा दर परीक्षेला उगवतो आणि साबणाने जातो. खाज मला नाही सुटत, दुखतही नाही. आजारी माझी आई आहे, तिला काळजी झाली आहे.

बाई म्हणाल्या, “मग पेशंटला बोलवा.”

मला पदर धरून पडद्यासमोर उभं केलं. खुशबूने माझं तोंड वरपासून खालपर्यंत स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलं: डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालांवरचे डाग, लहानपणीच्या कांजिण्यांचे वण, काही सोडलं नाही. मला एवढंच कळत होतं की माझी अब्रू चालली आहे आणि पोरगी एकदाही अडखळत नाही.

शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं. खुशबू म्हणाली, “आई, थे विचारून राहिल्या, याच्यावर इलाज काय?”

“म्हणा, पोरीले नोकरी द्या. बरी होतो मी.”

तिने तसंच्या तसं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून हे धावत आले. निकाल बाईंनी तिथेच सांगितला.

नोकरी लागली. मी काही बरी झाले नाही. मेक्सिकोत दिवस असतो तेव्हा, म्हणजे आपल्याकडच्या रात्री, नागपुरात खुशबूची शिफ्ट असते. ती सुटून खोलीवर पोचल्याचा फोन अजून यायचा आहे, म्हणून हे लिहीत बसले आहे.