तिसऱ्या फोटोत नसलेला ठिपका

चहा बशीत ओतायचे, पण प्यायचे कपातूनच. बोलताना समोरच्याच्या कॉलरची शिवण बघायचे. खिशात पेन नसे, खडू असे. ‘बरोबर’ कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, ‘चालंल.’

शेलार गावचे केसरीनाथकाका निजामपुऱ्यातल्या यंत्रमाग कारखान्यात एकतीस वर्षं कापड तपासत होते. लूमवरून उतरलेला तागा खालून उजेड लावलेल्या काचेवरून ओढायचा, दोष दिसला की खडूची खूण करायची.

आल्हाद सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांच्या हौशी आकाशनिरीक्षण मंडळाचे अहवाल मी लिहायचे. काका मंडळात येणाऱ्या पुतणीला सोडायला आले आणि तिथेच रमले.

गेल्या वर्षी मंडळाला एका मोठ्या दुर्बिणीचे फोटो तपासायला मिळाले. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो, काही मिनिटांच्या अंतराने काढलेले. तारे जागेवर राहतात. जो ठिपका सरळ रेषेत सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. अहवाल तीन दिवसांत पाठवायचा होता.

शेवटच्या दिवशी काकांनी एक ठिपका दाखवला.

‘तिसऱ्या फोटोत तो नाहीच, काका,’ सर म्हणाले. ‘कॅमेऱ्याचा कचरा असेल. सोडून देऊ.’

‘सर, धागा तुटला न्हाय. खाली गेलाय.’

‘अहो, हे मांजरपाट आहे का?’

‘फरक काय? यात बी डागच शोधतो ना आपण? बगा, तिसऱ्यात हा तारा एका बाजूनं फुगलाय. ठिपका त्याच्यात बसलाय. चौथ्यात भायेर आला.’

सरांनी फोटो मोठा केला. मग माझ्याकडे वळले. ‘लिही. काकांचं नाव पूर्ण लिही.’

साहित्य शिकताना मी पुष्कळ वाचणारे पाहिले. इतकं नीट वाचणारं कुणी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने दुसऱ्या दुर्बिणीलाही तो दिसला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला, अंदाजे दोन किलोमीटरचा दगड. सूर्याभोवती एक फेरी साडेपाच वर्षांची. त्याला तात्पुरता क्रमांक मिळाला. पक्का क्रमांक हवा तर तो आणखी काही वर्षांच्या फोटोंत सापडायला हवा, नाहीतर हरवला म्हणायचा.

‘हरवून कसं चालंल?’ काका म्हणाले. ड्युटी सुटली की दुर्बिणींचे जुने फोटो उघडून एकेक वर्ष मागे जाऊ लागले. २०२२ मध्ये तो सापडला. २०२१ मध्येही.

मार्चमध्ये काका हृदयविकाराने गेले. पुतणीने त्यांचा कॉम्प्युटर उघडून मला दाखवला. २०२० च्या अकरा फोटोंपैकी चार तपासून झाले होते.