खरवस नाय, खरवड

"लागली हाय," ती म्हणाली आणि गल्लीच्या तोंडाशी नाक वर करून उभी राहिली.

शनिवारची दुपार होती. पनवेलच्या मच्छी बाजारातून आम्ही दोघं घरी चाललो होतो. रिकामी टोपली तिच्या डोक्यावर, कोयता आणि फळी माझ्या हातात. त्या गल्लीत मिठाईच्या दुकानाचं मागचं दार आहे. तिथं पेढ्यासाठी दूध आटवतात. आटता आटता ते कढईच्या बुडाला लागतं, तपकिरी होतं. तो थर उलथण्यानं काढतात, तीच खरवड. दुकानात ती विकायला ठेवत नाहीत. आमच्या हिचा सगळा जीव त्यात.

"कुठं लागली?" मी म्हटलं. "मशीन हाय तिथं आता. आपलं आपण ढवळतंय. त्याच्या बुडाला काय लागतंय? चल."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि चालायला लागली. मी मागं.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेवढंच, घरी चालत आलो. आणि मी खोटं बोललो होतो.

तुमच्यापैकी कुणी मच्छी बाजारात जात असाल तर तिला बघितलंच असणार. डाव्या हाताला तिसरी. मोठं कुंकू, अंगठ्याला कायम चिंधी. कुणी विचारलं, "मावशी, ताजं हाय का?" तर उत्तर देत नसे. कल्ला उचलून दाखवायची. "तूच बघ गो बाय. माझं तोंड खोटं बोलंल, याचं नाय बोलणार."

तिचं नाव लिहीत नाही. पन्नास वर्षांत कधी घेतलं नाही, आता काय घेऊ.

खरवडीचं वेड तिच्या आईपासूनचं. आई गव्हाणहून टोपली घेऊन पनवेलला यायची आणि ही परकर सावरत मागं. बाजार उठला की आई त्या मागच्या दाराशी पाणी मागायची. तेव्हाचे म्हातारे शेठ पाण्याबरोबर पोरीच्या हातावर खरवडीचा तुकडा ठेवायचे. तिथं एक घडीव दगड पडलेला आहे, तो तिची जागा. पुढं तीच टोपली घेऊन यायला लागली तरी दगड तोच. मच्छीच्या वासाला पुढची गिऱ्हाइकं नाकं मुरडतात म्हणून ही मागं बसते, असं मला वाटायचं. एकदा मी चिडलो. म्हटलं, आपण काय चोर हाय? पुढच्या दारानं जा.

"पुढं मिठाई मिळते," ती म्हणाली. "खरवड मागंच मिळते. पुढं जाऊन काय करू?"

आता माझी फजिती सांगतो. लग्नाला दोन महिने झाले असतील. मी तेव्हा खाडीत होडी मारायचो. जाळं घ्यायला पनवेलला निघालो तर दारात आली, लाजत म्हणाली, येताना खरवड आणा. नवी बायको पहिल्यांदा काहीतरी मागते, मी हवेत. सगळं पनवेल पालथं घातलं. शेवटी एका गवळ्याकडं गाय व्यालेली सापडली. त्याच्या हातापाया पडून चिकाच्या दुधाचा खरवस करून घेतला आणि डबा धरून राजासारखा घरी आलो.

तिनं झाकण उघडलं. "ह्ये काय?"

"खरवस. तूच सांगितलास ना?"

हसली हो. पोट धरून हसली. शेजारच्या बाया गोळा झाल्या. "अवो, खरवस नाय, खरवड! ड म्हणा, ड!"

ती चौथी पास. मी दुसरीत असताना होडीवर गेलो तो गेलोच. त्यामुळं ती माझी मास्तरीण झाली ती कायमची. आणि माझी जीभही अशी हट्टी, की घाईत तोंडातून खरवसच निघायचं. पन्नास वर्षांत किती वेळा ऐकलं असेल मी ते, "ड म्हणा, ड." चारचौघांत म्हणायची. मला राग यायचा. खरं सांगतो, यायचा.

पोराच्या लग्नात तर तिनं कहरच केला. सोयरे कोन गावचे, मानपानाचे कडक. विहीणबाईंच्या पुढ्यात चांदीच्या वाटीत हिनं खरवड ठेवली. स्वतः सकाळी जाऊन आणलेली, सगळी, स्वतःला तुकडाही न ठेवता. विहीणबाईंनी वाटीत बघितलं आणि तोंड फिरवलं.

"कढईची जळण वाढता होय आमाला?"

मांडवात गलका झाला. मी म्हटलं, मोडलं लग्न. ही शांत. एक तुकडा उचलला आणि विहिणीच्या तोंडासमोर धरला. "खा. नाय आवडली तर माझ्या तोंडावर थुका." विहीणबाईंनी खाल्ली. पुढं दर दिवाळीला त्यांचा निरोप यायचा, ती तुमची जळण पाठवा थोडी.

मला ती रोज म्हणायची, "घ्या तुकडा." मी रोज म्हणायचो, "जळकं मला नको." एकदाही घेतली नाही.

गेल्या वर्षी तिच्या पायाला कोयता लागला आणि जखम भरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुगर आहे, पाय वाचवायचा असेल तर गोड बंद. ही मान हलवायची आणि बाजार उठला की दगडावर जाऊन बसायची. मी भांडलो. ऐकेना. मग मी तिच्या माघारी शेठकडं गेलो. आताचे शेठ म्हणजे म्हाताऱ्यांचा मुलगा, पन्नाशीचा. त्याला म्हटलं, तिला सांग मशीन घेतलंय, खरवड निघत नाय आता. त्यालाही बरं वाटलं नाही. "काका, मावशीशी खोटं बोलू?" म्हटलं, पाय हवा का खरवड हवी तिची? त्यानं सांगितलं तसं.

पाय भरला. तेवढं मात्र झालं.

आणि त्या शनिवारी ती गल्लीत उभी राहिली आणि म्हणाली, लागली हाय. वास मलाही आला होता. सगळ्या गल्लीला आला होता. जी बाई कल्ला बघून मासा कधीचा ते सांगायची, तिला नवऱ्याचं तोंड बघून कळलं नसेल? ते आता कुणाला विचारू?

दिवेलागणीला छातीत भरून आलं म्हणाली. रिक्षा नाक्यापर्यंत पोचली नव्हती तर मान माझ्या खांद्यावर पडली. शुगर नाही, पाय नाही, तिसरंच काहीतरी. उलव्याहून पोरगा आला, कोनचे सोयरे आले. सगळं करून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी फळीवरून तिचा छोटा डबा काढला आणि निघालो. सून म्हणाली, "मामा, कुठं?" म्हटलं, आलो.

मागच्या दारात शेठ उभाच होता. त्याला कळलं होतं. डोळे पुसत म्हणाला, "काका, मावशी रोज विचारायची. शेठ, तुझं मशीन मोडायचं कधी?"

मी डबा पुढं केला.

"काका, सुतक हाय तुम्हाला. गोड कसं..."

"सुतक मला हाय. तिला नाय," मी म्हटलं. "खरवस दे."

म्हटलं आणि मलाच ऐकू आलं. तसाच थांबलो, मान जरा मागं वळवून. शेठही थांबला. त्यालाही ठाऊक होतं, आता काय यायचं ते.

आलं नाही.

त्यानं कढई तिरकी केली, खरवडून डबा भरला, दोन्ही हातांनी दिला. मी दगडावर बसलो. एक तुकडा तोंडात टाकला. जळकी नव्हती.

मग मीच म्हटलं, "ड."