अण्णांची गाडी खोड सांगून विकली

आमच्या अण्णांना जन्मात एक गाडी विकता आली नाही.

परवा ती मी विकली.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहायला बसलेय. आणि खरं सांगू? रडायला येत नाहीये. हलकं वाटतंय.

अण्णा म्हणजे माझे वडील. आखाडा बाळापूरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. घरात आजोबा-पणजोबांपासून शेळ्या-मेंढ्या. त्यामुळे विकायची त्यांना एकच पद्धत माहीत, बाजारातली. जनावराची खोड आधी सांगायची. मारकं असेल तर मारकं, लाथ झाडत असेल तर लाथ.

"खोड लपवून इकलेलं जनावर फिरून दारात येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा गोरेगावचं गिऱ्हाईक आलं. आमची जुनी पांढरी कार त्याला पसंत पडली. चहा झाला. इसार द्यायला त्याने खिशात हात घातला.

अण्णा म्हणाले, "थांबा. आदी खोड ऐका."

"चढावर गरम होते. मागचं उजवं दार आतून उघडत न्हाई. अन् हॉर्न दाबला की वायपर हालते."

त्याने रिकामा हात खिशातून बाहेर काढला. "काका, तुमी गाडी इकून राहिले का मोडून राहिले?"

गेला.

आईचा पारा चढला. "समदं सांगून तर सोयरीक बी जमत न्हाई. गाडी काय इकता तुमी!"

यावर अण्णांनी काढलेला तोडगा बघा. खोड लपवायची नाही ना? मग खोडच शिल्लक ठेवायची नाही.

रिटायर्ड माणूस, हातात पाना, अर्धं अंग बोनेटमध्ये. मी सुट्टीला गेले की टॉर्च धरायची ड्युटी माझी. जरा हलला की ओरडा. हॉर्न-वायपरचं भांडण मिटलं, तर एक काच वर जाईना. ती वर गेली, तर खाली येईना.

शेवटी राहिला वॉटर पंप. तो पाणी नीट फिरवत नव्हता, म्हणून इंजिन तापायचं. अण्णांनी जुना पंप काढला, बोल्ट डब्याच्या झाकणात नीट मांडून ठेवले.

आणि त्याच आठवड्यात हार्ट अटॅकने गेले.

गाडी तशीच अंगणात. लोक म्हणायचे, भंगारात द्या.

आई म्हणायची, "पोट उघडं असलेलं जनावर कोणी बाजारात न्हेते का?"

मी घरी गेले, फाटक उघडलं, की समोर ते उघडं बोनेट. अण्णा आत्ता हात धुवायला आत गेलेत असं वाटायचं. दर वेळी. नको नको व्हायचं.

शेवटी मीच पाना हातात घेतला.

पहिल्यांदा नव्या पंपाचं पॅकिंग वाकडं बसलं आणि ओतलेलं सगळं पाणी खाली. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "तुह्या बापाचं बी पहिल्या खेपेला गळायचंच."

दुसऱ्यांदा जमलं. गाडी चालू ठेवून मी इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत बसले. मधोमध होता. हलला नाही.

मग औंढ्याहून संतोषभाऊ आले गाडी बघायला. त्यांच्या आईला डायलिसिससाठी नांदेडला न्यावं लागतं, दर आठवड्याला.



पंप मी बसवलेला. मेकॅनिकने नाही, मी. भर उन्हात त्या माउलीला घेऊन गाडी तापली तर? पण सांगितलं तर हेही जाणार. मग पुन्हा ती गाडी, ते अंगण आणि मी.

मी फडक्याने बोनेट पुसत राहिले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. जिने अण्णांना यावरून जन्मभर बोलून घेतलं, ती आई म्हणाली, "खोड सांग त्यायला."

सांगितलं. पंप मी स्वतः बसवलाय. आणि मागचं उजवं दार अजून आतून उघडत नाही, ते अण्णांनाही जमलं नाही.

संतोषभाऊ हसले. "ताई, आदीच्या गाडीवाल्यानं मला काहीच सांगितलं न्हवतं. वसमतच्या अलीकडं ती बंद पडली, मायला घेऊन उन्हात उभा होतो. तुमी सांगून राहिल्या ना, मग घेतो मी."

आईने चाकांवर पाणी घातलं, बोनेटला हळद-कुंकू लावलं. आणि डिकी उघडून टोचनचा दोर काढून घेतला. गाडी बंद पडली की दुसऱ्या गाडीला बांधून ओढून न्यायचा तो दोर. आमच्याकडे स्टेपनीपेक्षा तोच जास्त वापरलाय.

"आई, दोर काहून काढून राहिली?"

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत."

मी डोक्याला हात लावला. पण संतोषभाऊंनी मान डोलावली. "बराबर हाय, मावशी."

गाडी गेली. दोराशिवाय.

आज इकडे अण्णांचं वर्षश्राद्ध, आणि तिकडे संतोषभाऊंची आईला घेऊन पहिली नांदेडची फेरी. गुरुजी मंत्र म्हणत होते, माझं सगळं लक्ष फोनवर. नैवेद्याला काय केलंय तेही मला धड आठवत नाही.

पानं वाढताना फोन वाजला.

"ताई, पोचलो. काटा मधीच होता. माय तर झोपूनच आली."

मी तिथेच पायरीवर बसले.

"अन् दार?"

"म्या उतरून बाहेरून उघडलं. माय लई खूश. म्हणते, पोरगं मान देऊन राहिलं मला."

आईला सांगितलं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला, आणि पुन्हा हसली.

दोर तिने अण्णांच्या फोटोशेजारच्या खुंटीला टांगलाय.

अण्णा, खोड सांगून विकली.

ती आता फिरून दारात येत नाही. तुम्ही निवांत पडा.