आमच्या शोरूमला रविवारी रजा नसते

फर्निचरच्या शोरूममध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. दिवाणाखाली धूळ जमते तसे जमतात. धूळ काढायला हाऊसकीपिंगच्या मावशी आहेत, किस्से काढायला कुणी नाही, म्हणून भिशीच्या दिवशी ते काम माझ्याकडं असतं. चहा झाला की बायका म्हणतात, "सुमन, काढ की गं एखादा!" एखादा म्हणून सुरू करते आणि स्वयंपाकाची वेळ टळली तरी एक बाई जागची हलत नाही.

तर आमचं शोरूम बेळगावच्या बाहेर, हायवेला लागून. तळमजल्यावर सोफे आणि डायनिंग टेबलं, वर बेड आणि गाद्या, त्याच्या वर कपाटं. मी गाद्यांना. सोफ्यांना सविता, हिंडलग्याची. वय तीस, जीभ तिखट आणि विक्रीत आम्हा सगळ्यांच्या पुढं. मॅनेजर साहेब बेंगळूरूकडचे. मराठी येत नाही, पण त्यांना मराठीची गरजच पडत नाही. त्यांचा एकच मंत्र, "नो संडे लीव्ह!" सगळं गिऱ्हाईक रविवारीच येतं ना!

आता गंमत बघा, मुलगी बघायला पाव्हणेसुद्धा रविवारीच येतात. सविताची तीन स्थळं ह्या रविवारापायी गेली. चौथं आलं ते म्हणालं, रविवारचं काय नाही, पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. ते स्थळ सवितानंच सोडलं.

"सुमनआक्का, मला नवरा पण पाहिजे आणि नोकरी पण पाहिजे. लई मागितलं काय गं मी?"

मी म्हटलं, "न्हाय गं बाई. लोक हितं एका गादीवर चार उश्या फुकट मागत्यात!"

ती हसली. पण तिच्या आईनं हाय खाल्ली होती, आणि सविताचा डबा रोज अर्धाच संपायचा. तिचं पुढं काय झालं ते सांगते, पण आधी बाकीचं ऐका. तोंडी लावणं आधी, मग जेवण.

*

आमच्याकडं लग्नात मुलीला संसार देतात. कपाट, कॉट, गादी, ड्रेसिंग टेबल. साड्यांच्या बस्त्याला जसा सगळा गोतावळा निघतो, तसाच ह्याला पण निघतो. एकदा खानापूरकडनं टेम्पो आला. मला वाटलं माल न्यायला आलाय. मागचं फाळकं उघडलं तर आत माणसंच माणसं! दोन्हीकडचे मामा, काका, आत्या, मध्यस्थ. आणि घ्यायचं काय, तर एक कपाट!

दुपारपर्यंत त्यांनी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक कपाटाचं प्रत्येक दार उघडून लावलं. मग भुका लागल्या. सगळे खाली उतरले आणि डिस्प्लेच्या मोठ्या डायनिंग टेबलावर डबे सोडले. भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा. एसीत खर्ड्याचा वास सुटल्यावर मॅनेजर साहेब धावत आले.

"सर, प्लीज, डिस्प्ले पीस!"

एका आजीनं खुर्ची मागं ओढली. "बस रं बाळा. सकाळधरनं हुबाच हाईस."

साहेबांना मराठी कळत नाही, पण भरीत कळतं. दोन भाकरी खाल्ल्या बिचाऱ्यांनी, नाकातनं पाणी काढत. जेवणं झाल्यावर मी अदबीनं विचारलं, "आजी, टेबल कसं वाटलं?"

आजीनं पदरानं टेबल पुसलं. "बाकी ब्येस हाय. पण जेवताना शेजारच्याचं कोपार लागतंय. नको!"

"आणि कपाट?"

"त्येला परत येऊ की. आज थोरला मामा कुठं आलाय?"

*

हा माझ्या सेक्शनचा. पोलिसातनं रिटायर झालेले एक आप्पा, सोबत त्यांच्या मिसेस. मी म्हटलं, "झोपून बघा, संकोच करू नका." तेवढंच चुकलं माझं. आप्पांनी चप्पल काढली, घड्याळ काढून उशीशी ठेवलं, आडवे झाले आणि घोरायलाच लागले!

मी उठवायला गेले तर मिसेसनी माझा हात धरला. "उठवू नकोसा. घरात डोळ्याला डोळा लागत न्हाय त्येंच्या."

आता काय करणार? शेजारच्या बेडवर मी गिऱ्हाईकाला हळू आवाजात भाव सांगत होते आणि गिऱ्हाईक पण हळू आवाजात घासाघीस करत होतं. एकानं तर पैसे देताना विचारलं, "हे गादीसोबत येत्यात काय?"

चांगली झोप काढून आप्पा उठले. चेहरा कसा फुललेला! मी बिलबुक घेऊन तयार. "मग आप्पा, हीच पॅक करू?"

आप्पा वर बघत म्हणाले, "गादी घरात हाय तीच बरी. हा एसी कुठल्या दुकानातनं आणलासा?"

*

निपाणीचे एक व्यापारी. नवा बंगला बांधलेला. त्यांना पुस्तकांचं मोठं शेल्फ पाहिजे होतं. आमच्या डिस्प्लेला शेल्फमध्ये जाडजूड पुस्तकं असतात, सोनेरी अक्षरांची. पुठ्ठ्याची हो ती!

ते म्हणाले, "ह्या पुस्तकांसकट द्या."

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "अण्णा, ती नुसती दाखवायची हाईत. आतनं पोकळ."

अण्णा खूश झाले. "मग तर लईच चांगलं! कोण वाचायला मागणार न्हाय."

*

हा सविताचा, आणि हा बेळगावशिवाय दुसरीकडं कुठं होणार नाही.

शर्ट इन केलेला एक गृहस्थ आला. सविताला वाटलं, सरकारी हापिसातला कन्नड माणूस. या-या करत ती म्हणाली, "बर्री सर, बर्री!" त्याला वाटलं, ही कन्नड बाई. त्यानं पण कन्नड सुरू केलं. सविताचं कन्नड शाळेतलं, मार्कापुरतं. त्याचं त्याहून वाईट. दोघं घामाघूम! शब्द सापडला नाही की तो सोफ्यावर थाप मारायचा आणि ही मान हलवायची. फोम, कापड, गॅरंटी, सगळं झालं. तासभर चालला हा छळ.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "अगं आई, आलो की! हितं एका कन्नड बाईनं धरलंय, सोडंनाच झालीया!"

सविता कमरेवर हात ठेवून उभी. "गाव कुठलं म्हणायचं आपलं?"

"कंग्राळी."

"मी हिंडलग्याची! शेजारी असून तासभर माझा जीव खाल्लासा व्हय?"

"तुम्हीच सुरू केलंसा की!" तो म्हणाला. मग जरा जवळ सरकून हळूच विचारतो कसा, "कन्नडमध्ये जो भाव सांगितलासा, तो मराठीत कमी हुतोय काय?"

*

मापाचं म्हणाल तर आमच्याकडं टेप फक्त टेलरला लागतो. एक पोरगा बेड घ्यायला आला. "माप आणलंयस का रे?" म्हटलं. "आणलंय की. आईनं मोजून सांगितलंय. भिंत दारापत्तर नऊ विती हाय." आणि लागला की बेडवर विती टाकायला! हात केवढा, तर ताटाएवढा. पैलवान गडी.

मी म्हटलं, "बाळा, आईची वीत आणि तुझी वीत..."

"आई माझीच हाय ओ आक्का!"

मी बिल फाडलं. बेड गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, बेड बसला, पण खोलीचं दार लागत नाही. मी म्हटलं, परत आण, बदलून देऊ.

"नको, आम्ही दारच काढलं. आईचं एकच म्हणणं हाय, त्या दाराला चार पाय बसवून देतासा काय? टेबल हुईल."

*

आता सविताचं.

शनिवारी तिच्या बाबांचा फोन आला. निपाणीचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर, माणसं चांगली, उद्याच येतो म्हणतायत. सविता मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि गेली तशी बाहेर आली. "नो संडे लीव्ह!" काचेतनं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मला असा राग आला होता, की ते भरीत परत काढून घ्यावं!

सविता सोफ्याच्या हातावर टेकली. डोळे भरले होते. मग तिनं नाक पुसलं आणि बाबांना फोन लावला. "बाबा, त्यांना सांगा, मुलगी घरात नसती, सोफ्याच्या सेक्शनला असती. बघायची असली तर हिकडं या म्हणावं."

तिकडं बाबांनी कपाळाला हात लावला असणार. मी तर लावलाच. पण पाव्हणे आले की हो! मुलगा, त्याचे वडील, म्हणजे हे दुसरे आप्पा, आणि आई. सविताचे आईबाबा आधीच येऊन, अंग चोरून डिस्प्लेच्या सोफ्यावर बसले होते. मी कॅन्टीनमधनं पोहे आणले, शोकेसमधल्या काचेच्या प्लेटा काढल्या. रीतीत कमी नको!

आप्पा मोठे कडक. टोपी, पिळदार मिशा, आवाज खणखणीत. सोफ्यावर सगळ्यांत मिसळून कसे बसतील? त्यांनी बाजूची एकटी खुर्ची धरली. नेमकी बटनावरची रिक्लायनर! सविता युनिफॉर्ममध्ये, छातीला नावाचा बिल्ला, हातात चहाचा ट्रे.

"नाव काय बाळ?" आप्पांनी बिल्ल्याकडं बघत विचारलं.

केबिनमधनं मॅनेजर साहेब बघत होते. त्यांना वाटलं, मोठी पार्टी दिसतेय, आख्खं घरदार आलंय. त्यांनी स्वतःहून कोल्ड ड्रिंक पाठवलं आणि लांबनं सविताला खूण केली, डील क्लोज कर!

मुलगा गप्प. मुलाची आई तर आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. बोलत होते ते एकटे आप्पा. स्वयंपाक येतो का, देवधर्म करतेस का, सगळं झालं. सविता सरळ उत्तरं देत होती. मुलानं एकदा मान वर करून तिच्याकडं बघितलं, तेव्हा तिनं पण बघितलं. मी उशीचं कव्हर बदलायचं निमित्त करून खांबाआड उभी होते, मला दोघांचं तोंड दिसत होतं. जमतंय, मी मनात म्हटलं, देवा जमू दे.

तेवढ्यात आप्पांनी कप खाली ठेवला. "सगळं बरं हाय. पण आमच्यात सुना नोकरी करत न्हाईत. लग्नाआधी सोडावी लागंल."

सविताच्या आईनं मान खाली घातली. बाबा चहात बघत बसले. झालं, हे पण गेलं! मी तर कव्हर उशीला उलटंच चढवलं.

सविता मात्र ट्रे ठेवून पुढं झाली. गिऱ्हाईकाशी बोलते तसल्याच गोड आवाजात म्हणाली, "आप्पा, लांबनं आलासा, पाय दुखत असतील. जरा वर घ्या की." आणि खुर्चीचा रिमोट उचलून बटन दाबलं.

घुर्रर्र! आप्पांचे पाय वर निघाले.

"आगागागा! लई ब्येस!" आप्पा खूश.

पाय अजून वर. पाठ मागं. टोपी घरंगळून पडली.

"बास, बास!"

खुर्ची पार सपाट. आप्पांना आता फक्त शोरूमचं छत दिसत होतं. आम्हाला त्यांचे पायमोजे.

"बास म्हंतोय न्हवं! उठीव मला पोरी!"

सविता रिमोट हातात धरून नम्रपणे उभी. "आप्पा, ह्याचं बटन फक्त स्टाफला कळतंय. नोकरी सोडली की इसरायला हुतंय."

सविताच्या बाबांचा कप ओठाशी अडकला. मुलानं रुमाल तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. केबिनमधनं मॅनेजर साहेब अंगठा वर करून दाखवत होते.

आप्पा झोपल्या झोपल्या ओरडले, "अगं ए! तू तरी सांग हिला!"

तेव्हा मुलाची आई उठली. बशी खाली ठेवली. खुर्चीभोवती सावकाश एक चक्कर मारली. आपल्या मालकांना, म्हणजे आप्पांना, पायापासनं मिशीपर्यंत नीट बघून घेतलं. मग खांबाआड माझ्याकडं वळून म्हणाली, "अवो आक्का, ही खुर्ची निपाणीला पोच करतासा काय?"

"करतो की!"

"मग एक पाठवून द्या. आणि बटन हिच्याच हातात ऱ्हाऊ दे."