पोस्टरवरचे काका

काकांना कुणी काका म्हटलेलं आवडायचं नाही. पण चाळिशीतच डोक्याचं मैदान झाल्यामुळे अग्निशमन केंद्रात सगळे त्यांना काकाच म्हणत. आता ते चौपन्न वर्षांचे होते, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा उरली नव्हती. तरी ते करत. रोज सकाळी परेड झाली की सरावाच्या मनोऱ्याचे चार मजले चढून जात आणि वरून सगळ्यांना हात करत. हात करत ते बराच वेळ वर उभे राहत. तो दम खायला, हे फक्त त्यांच्या बायकोला आणि कामावरच्या जोडीदारणीला माहीत होतं.

ही जोडीदारीण बत्तीस वर्षांची. केंद्रात तिला सगळे धाकटी म्हणत. धुरात शिरायचं ते दोघांनी, बाहेर यायचं तेही दोघांनी, असा नियम असतो. गेली सहा वर्षं काकांबरोबर तीच शिरत होती. हल्ली जिन्यापाशी आलं की ती न बोलता त्यांच्या खांद्यावरचा होज पाइप आपल्या खांद्यावर घ्यायची. काका दुसरीकडेच बघायचे.

अशात वरून नवा नियम आला. निवृत्तीचं वय पंचावन्नवरून साठ. त्याआधी कुणी घरी बसलं तर पेन्शनला कात्री. युनियनने संपाची भाषा सुरू केली आणि काकांनी सभेत उठून विरोध केला.

"साठीला काय होतं माणसाला? माझ्याकडे बघा. आणि आपण संपावर असताना कुणाचं घर पेटलं, तर त्याला काय सांगणार, मागण्या मान्य झाल्यावर येतो?"

दुसऱ्या मुद्द्यावर सभा गप्प झाली. पहिल्या मुद्द्यावर मागच्या बाकांवरून खोकल्याचे आवाज आले.

हे भाषण मुख्य कार्यालयाच्या कानावर गेलं. चारच दिवसांत एक फोटोवाला आला. काकांना गणवेशात, पाठीवर हवेची टाकी बांधून, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं केलं. पंधरवड्यात शहरभर पोस्टर लागलं: 'वय साठ, पाठ ताठ'. यमकासाठी वाढवलेली सहा वर्षं काकांनी मोठ्या मनाने खपवून घेतली. बसथांब्यावरच्या पोस्टरपाशी तर ते दोन बस सोडून उभे राहिले, कुणी ओळखतंय का म्हणून. कुणी ओळखलं नाही.

केंद्रात मात्र सगळ्यांनी ओळखलं. त्यांच्या शेजारी चहाला कुणी बसेना. "पाठ ताठ, साखर किती?" एवढंच विचारलं जाई.

घरी वेगळीच तऱ्हा. रोज सकाळी बायको खाली बसून त्यांच्या पायात मोजे चढवायची, कारण वाकलं की त्यांची कंबर धरायची.

"वाकताच येत नाही म्हणून ताठ, हे पण छापायचं होतं खाली," ती म्हणाली.

"तुला कौतुक कसलं ते नाहीच."

"आहे ना. दुसरा पाय द्या."

महिनाभराने, भर दुपारी, एका फर्निचरच्या गोदामाला आग लागली. रखवालदार तिसऱ्या मजल्यावर अडकला होता. काका आणि धाकटी जिन्याने निघाले. दुसऱ्या मजल्यावर काकांचे पाय थांबले. छाती भात्यासारखी हलत होती आणि हवा पुरत नव्हती. त्यांनी हाताने तिला पुढे जा म्हणून खुणावलं. ती गेली नाही, नियमाने तिला एकटीला जाता येत नव्हतं. वॉकीटॉकीवर दुसरी जोडी मागवून ती काकांना धरून खाली घेऊन आली. रखवालदार वाचला, पण चार मिनिटं उशिरा बाहेर आला आणि आठवडाभर इस्पितळात राहिला.

केंद्रात काकांना कुणी चकार शब्द बोललं नाही. टोमणेसुद्धा बंद झाले. ते त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी धाकटीने अहवालाचा कागद सहीसाठी पुढे केला.

"टाकीचा व्हॉल्व्ह अडकला, असं लिहिलंयस."

"हो."

"व्हॉल्व्ह चांगला होता."

"माहीत आहे, काका. सही करा आणि घरी जा."

काकांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'टाकी ठीक होती. मला दम लागला.' मग सही केली.

पुढच्या सभेत ते उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी मनाची तयारी केली होती, की आता पुन्हा भाषण. काकांनी गोदामाच्या जिन्यात काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, "संप करा. मी पण आहे. पण आगीची वर्दी आली की बंब निघेल."

"मग त्याला संप कशाला म्हणायचं?" युनियनच्या सेक्रेटरीने विचारलं.

"बाकी काहीच होणार नाही. परेड नाही, तपासण्या नाहीत, पुढाऱ्यांच्या सभेला बंब उभा नाही. आणि मुख्य कार्यालयातल्या साहेबांच्या बंगल्यातल्या हिरवळीला टँकर नाही."

शेवटच्या कलमाला टाळ्या पडल्या. संप अकरा दिवस चालला. त्यात सात वर्द्या आल्या आणि सातही वेळा बंब वेळेवर पोचला. हिरवळ नवव्या दिवशी पिवळी पडली आणि दहाव्या दिवशी वाटाघाटींचं निमंत्रण आलं.

वाटाघाटींत साहेबांनी पोस्टर टेबलावर पसरलं. "हे तुम्हीच ना?"

"मीच," काका म्हणाले. "पण ती टाकी प्लास्टिकची आहे, साहेब. शाळेतल्या मुलांना दाखवायला ठेवलेली. खरी बांधली की माझा चेहरा ओढल्यासारखा दिसतो, असं फोटोवाल्याचं म्हणणं पडलं."

साहेबांनी पोस्टरची घडी घातली.

जे आगीत शिरतात त्यांचं वय पंचावन्नच राहिलं, पूर्ण पेन्शनसह. ज्यांना थांबायचंय त्यांना फोनवर किंवा प्रशिक्षणात अठ्ठावन्नपर्यंत थांबता येईल असं ठरलं. नव्या भरतीचं साठ मात्र तसंच राहिलं. त्यावर पुढे बोलू, असं साहेब म्हणाले. युनियनने याला विजय म्हटलं. धाकटी म्हणाली, अर्धा.

काका पंचावन्नला निवृत्त झाले. तीन आठवड्यांनी जेवणाच्या वेळी फोन वाजला. धाकटी होती, कापडबाजारातल्या जुन्या इमारतीची पाण्याची चावी कुठे आहे, विचारत होती.

"मागच्या दाराच्या डाव्या हाताला, पत्र्याखाली," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मग ती चावी कोणत्या साली बसवली, उलटी का फिरते, जिन्याची कोणती पायरी तुटकी आहे, सगळं त्यांनी तपशीलवार सांगितलं.

बायकोने ताटात भाजी वाढली. "अहो, तिने केव्हाच फोन ठेवलाय."

"माहीत आहे," काका म्हणाले. "पण माहिती अर्धवट देऊ नये." आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून ते त्या इमारतीच्या तळघराच्या माहितीकडे वळले.