बाबांना ॲपचा आवाज पसंत पडला!

मंडळी, आज सकाळी घरी जे घडलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

माझे बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक. नजर अधू झाली, वाचन सुटलं, तसं बोलणंही कमी झालं. मजकूर वाचून दाखवणारी कितीतरी ॲप्स मी त्यांना ऐकवली. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "हिला आधी 'ळ' म्हणायला शिकव."

आज नवीन ॲप लावलं. पेपरचा फोटो काढला आणि ते अग्रलेख वाचू लागलं. बाबा ताठ बसले. "हिचं चालेल," म्हणाले. पुण्यात यापेक्षा मोठं कौतुक नसतं!

मग त्यांनी आईला हाक मारली, "अगं, ऐक काय लिहिलंय!" आणि अग्रलेखावरून दोघं जोरजोरात भांडायला लागले. मी स्वयंपाकघरात आनंदाने रडत होते.

तुमच्या घरच्यांना कोणतं ॲप पसंत पडलंय?